डाउन सिंड्रोम असलेले मूल आणि संवाद : शब्दांच्या आधी खुणा

"डॉक्टर, हा बोलेल ना?" डाउन सिंड्रोम असलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. यातील बहुतेक मुले बोलायला शिकतात, पण उशिरा. तोपर्यंत मनातले सांगता न आल्याने मूल रडते, वस्तू फेकते आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात. म्हणून शब्दांची वाट न पाहता संवाद आधी सुरू करायला हवा.

उशीर का होतो?

या मुलांचे ओठ, जीभ व गालांचे स्नायू सैल असतात, त्यामुळे उच्चार जड जातात. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येण्याचे प्रमाणही जास्त असते. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले त्यांच्या अधिक लक्षात राहते. समज मात्र बोलण्याच्या पुढे असते. मूल बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असे समजू नका.

आधी कान तपासा

जन्मानंतरची तपासणी नॉर्मल आली असली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती ठरावीक काळाने पुन्हा करून घ्या.

घरी काय कराल?

- मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसून छोट्या वाक्यांत बोला.
- शब्दासोबत खूण करा. 'पाणी' म्हणताना अंगठा तोंडाकडे न्या, 'संपलं' म्हणताना रिकामे तळवे दाखवा. आजी-आजोबांसह सर्वांनी एकच खूण वापरावी.
- "केळं हवं की बिस्किट?" असे दोन्ही दाखवून विचारा. त्याने नुसते पाहिले किंवा बोट दाखवले तरी ते उत्तर माना आणि त्या वस्तूचे नाव घेऊन ती द्या.
- विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपण घाईने उत्तर दिले तर त्याची संधी जाते.
- तो "बॉल" म्हणाला, तर तुम्ही "लाल बॉल" म्हणा.
- घरात मराठी बोलत असाल तर मराठीच बोला. शाळेच्या इंग्रजीसाठी मातृभाषा सोडू नका.

खुणांमुळे मूल बोलायचे राहील का?

ही भीती बहुतेक घरांत असते, पण ती खरी नाही. खुणा आणि चित्रे बोलण्याच्या आड येत नाहीत, उलट शब्दाचा अर्थ पक्का करतात. शब्द जमू लागले की मुले बहुधा खुणा आपोआप कमी करतात.

मदत कुठे मिळेल?

पहिल्या वर्षातच स्पीच थेरपिस्टना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचार मोफत मिळतात. येत असलेले शब्द किंवा खुणा मूल विसरू लागले, तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

थेरपीचा तास आठवड्यातून एक-दोनदाच असतो. जेवण, अंघोळ, कपडे घालणे हे रोजचे असते, आणि मूल खरे शिकते ते तिथेच.