जेवता येणं

म्हैसुरात दुपारी कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, ‘ऊट आयिता?’ जेवण झालं का? याच ‘ऊट’ची एक कन्नड म्हण आहे: ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल’. ज्याला जेवता येतं त्याला रोग नाही, ज्याला बोलता येतं त्याला भांडण नाही. जेवण ही शिकायची विद्या आहे, असं ही म्हण गृहीतच धरते.

ती विद्या केळीच्या पानावर मांडलेली दिसते. पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वरच्या कडेला मीठ, कोसंबरी, पल्य म्हणजे भाजी, चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात. उजव्या कोपऱ्यात चमचाभर पायस. पुष्कळ घरांत पहिली चव त्याचीच. मग भात, तोव्वे म्हणजे आपलं वरण, त्यावर तुप्प; पुढे पातळ सारु, सांबारासारखी हुळी आणि शेवटी ताकभात. कोसंबरी-कोशिंबीर, तुप्प-तूप ही नाती मराठी वाचकाला सांगायला नकोत.

गोडाने सुरुवात, मध्ये आंबट-खारट, इतर रस नंतर, हा क्रम सुश्रुतसंहितेत आहे. चरकाच्या विमानस्थानात तर जेवणाचे नियमच दिले आहेत: ऊन, स्निग्ध, बेताचं खावं, आधीचं पचल्यावर खावं, घाई नको, रेंगाळणंही नको, बोलणं-हसणं टाळून मन अन्नात ठेवावं. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला. योगग्रंथांतला मिताहारही चौथा भाग रिकामा ठेवायला सांगतो.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) वर्गांत एकच बेदाणा पाहत, हुंगत, सावकाश चावत खायला शिकवलं जातं. तिथे लक्ष माणसाने स्वतःच्या निर्धाराने ठेवायचं. पंगतीत ते काम रचनेकडे असतं. सारु संपल्याशिवाय हुळी येत नाही, वाढपी दुसऱ्या टोकाला असला की हात आपोआप थांबतो, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठता येत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, असं आहारतज्ज्ञ म्हणतात. तेवढा वेळ पंगतीत सहज जातो.

पण पान म्हणजे अख्खं म्हैसूर नव्हे. इथल्या शेतकऱ्याचं अन्न रागी मुद्दे, नाचणीचा उकडलेला गोळा. तो बोटांनी तोडायचा, बस्सारु नावाच्या पातळ आमटीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. बत्तीस वेळा चावा म्हणणाऱ्याने इथे गप्प बसावं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मुद्दे उन्हातल्या कामाला पुरते. तिची शिस्त निराळी, पण शिस्त आहेच.

याच शहरात 1950 साली केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था (चेलुवांबा मॅन्शनमध्ये) आणि 1961 मध्ये संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा उभी राहिली. 1984 मध्ये अंतराळवीर राकेश शर्मांसाठी सुजीचा हलवा आणि आलू-छोले याच प्रयोगशाळेने तयार केले. कुठेही, कधीही खाता येईल असं अन्न हा तिचा ध्यास. अमुक जागी, अमुक क्रमाने खाणं हा पानाचा.

मात्र पानाचं गुणगान करताना हिशेब पुरा मांडायला हवा. पंगतीत कुणी कुणाशेजारी बसायचं हे जात ठरवत असे. म्हैसुरातही आणि आपल्याकडेही. आणि जेवणाऱ्यांच्या त्या निवांतपणाची किंमत स्वयंपाकघर मोजत असे. आग्रह करकरून वाढणाऱ्या बायका सगळ्यांच्या मागून, निवलेलं, उरलेलं, पुढच्या कामाकडे डोळा ठेवून खात. चरकाचे बहुतेक नियम त्यांच्या वाट्याला उलटे आले.

म्हणून ती रीत आज घरी आणायची असेल तर सुरुवात बेदाण्यापासून नको. वाढायची पाळी घरात आळीपाळीने लावावी, आणि रोज वाढणारीने एकदा पहिल्या पानावर बसावं. जेवता येणं म्हणजे काय, ते वाढता वाढता लवकर कळतं.