मोठ्या आकाराची छायाचित्रे : आधार, चौकट आणि दमट हवामान

छायाचित्राचा आकार वाढला की चौकटीचा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. पोस्टकार्डाएवढा कागद स्वतःच्या ताठपणावर सपाट राहतो. दीड-दोन मीटर रुंदीचा कागद मात्र हवेतील ओलावा शोषून फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि त्याला लाटा पडतात. प्रस्तुत लेखात अशा छायाचित्रांना आधार देण्याच्या काही पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

सर्वांत सौम्य पद्धतीत जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने छायाचित्राच्या मागे, वरच्या कडेला लावून ते आम्लमुक्त पुठ्ठ्यावर टांगले जाते. उरलेल्या कडा मोकळ्या असल्याने कागदाला प्रसरणास वाव मिळतो, आणि खळ पाण्याने सुटत असल्याने काम पुन्हा करता येते. परंतु मोठ्या कागदावरील लाटा या पद्धतीने लपत नाहीत. म्हणून अशी छायाचित्रे अ‍ॅल्युमिनियमच्या संयुक्त पत्र्यावर पूर्णपणे चिकटवतात, अथवा दर्शनी बाजूने अ‍ॅक्रिलिकला जोडतात. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांचे सुमारे ३.६ मीटर रुंदीचे 'राइन २' (१९९९) हे अ‍ॅक्रिलिकवर बसवलेले छायाचित्र २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला विकले गेले. या पद्धतीत रंगांना विलक्षण खोली येते. मात्र अ‍ॅक्रिलिकवर खोल ओरखडा पडला तर केवळ ते बदलता येत नाही. छायाचित्र व आवरण एकजीव झालेले असते.

चौकटीत वजनाचाही हिशेब येतो. तीन चौरस मीटरची, ३ मिलिमीटर जाडीची काच सुमारे साडेबावीस किलो भरते. तेवढेच अ‍ॅक्रिलिक पावणेअकरा किलोच्या आसपास. मात्र तापमान १० अंशांनी वाढल्यास दोन मीटर अ‍ॅक्रिलिक जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते, म्हणून चौकटीच्या खाचेत मोकळी जागा ठेवावी लागते. घट्ट बसवले तर ते बाक धरते.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर खरा धोका पावसाळ्याचा. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, आणि जुन्या छायाचित्रांवरील जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. संस्थांच्या सभागृहांतील संस्थापकांच्या तसबिरींची निगेटिव्ह बहुधा उरलेली नसते. तेथे हे नुकसान कायमचे ठरते. काच व छायाचित्र यांत काही मिलिमीटर अंतर ठेवणारी पट्टी आणि भिंत व चौकट यांत हवा खेळण्यापुरती जागा, एवढे उपाय स्वस्त आहेत. तरी तेच वगळले जातात, हे खेदजनक आहे. ओल येणारी बाहेरची भिंत तर टाळावीच.

छायाचित्र आधीच चिकटलेले असल्यास ते ओढून काढू नये. काचेसकट सपाट ठेवून प्रथम काचेतूनच त्याची उत्तम प्रत घ्यावी. सोडवण्याचा प्रयत्न त्यानंतर, तोही जाणकाराच्या हातून व्हावा.