हिशेबाची राखण : डिस्कची कोणती रचना किती भरवशाची ?

तिरोडीसारख्या मँगनीजच्या खाणींच्या गावीही आज पेढीचा रोजमेळ व खतावणी संगणकावर लिहिली जाते. वहीला वाळवीचे भय होते. संगणकाची डिस्क एके दिवशी अकस्मात बंद पडते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. सबब हा विषय प्रत्येक सभासदाच्या हिताचा आहे.

एका मोठ्या, महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, हा विचार अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने मांडला. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेऊन आपण त्याचे प्रकार ताडून पाहू.

‘रेड शून्य’ : एकाच वहीची पाने चार पेट्यांत वाटावीत तशी ही रचना. जागा पूर्ण १६ टेराबाइट मिळते, वेगही मिळतो. परंतु एक डिस्क गेली की सर्वच गेले. वर्षाकाठी शंभरांत तीन डिस्क बिघडतात असे धरल्यास येथे सर्वनाशाचा संभव शंभरांत सुमारे साडेअकरा होतो.

‘रेड पाच’ : १२५ व २४० यांची बेरीज ३६५ लिहून ठेवली, तर एक रकम पुसली गेली तरी वजाबाकीने परत मिळते. याच तत्त्वावर येथे ताळ्याचा आकडा सर्व डिस्कवर विभागून ठेवतात. जागा १२ टेराबाइट. एक डिस्क गेली तरी निभावते. मात्र नवी डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. त्या अवधीत दुसरी गेली तर उपाय नाही.

‘रेड दहा’ : दोन-दोन डिस्कच्या जोड्या, प्रत्येकीत हुबेहूब नक्कल. जागा ८ टेराबाइट. दोन डिस्क एकदम जाण्याचे सहा प्रकार संभवतात. त्यांपैकी चारांत माहिती वाचते, दोहोंत बुडते.

‘रेड सहा’ : येथे ताळ्याचे दोन निरनिराळे आकडे असतात. जागा तितकीच, ८ टेराबाइट. परंतु कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. लिहिण्याचा वेग तेवढा मंदावतो.

लहान दुकानास दोन डिस्कची साधी नक्कल, म्हणजे ‘रेड एक’, पुरेशी आहे, असे आमचे मत आहे. मोठ्या पेढीने ‘रेड सहा’ किंवा ‘रेड दहा’ पत्करावे.

तथापि एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. यांतील कोणतीही रचना दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली नोंद सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात एका कपाटातील चारही डिस्क एकत्रच बुडणार. म्हणून एक प्रत नियमाने काढून तुमसर वा बालाघाट येथील विश्वासू आप्ताकडे ठेवावी, आणि अधूनमधून ती उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा संकटाच्या वेळी धरता येत नाही.