ओटीपोटाबाहेरचं दुखणं

लघवी साठत जाते तशी ओटीपोटात कळ वाढते. मोकळं झाल्यावर घटकाभर उतरते. तपासणीत ना जंतू सापडतात, ना कर्करोग. जिवाला धोका नाही, पण रात्रीची झोप उडवणारं हे मूत्राशयाचं जुनाट दुखणं बरीच वर्षं मूत्ररोगतज्ज्ञांच्याच खोलीत अडकून पडलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २००८ मध्ये त्यासाठी ‘मॅप’ हे संशोधनाचं जाळं उभं केलं. मूत्ररोगतज्ज्ञांच्या जोडीला वेदनाशास्त्र, मेंदूविज्ञान, मानसशास्त्र यांतली माणसं आली. निरनिराळ्या विद्यापीठांनी प्रश्नावली एकच ठरवली, लघवी-रक्ताचे नमुने घेण्याची आणि जपून ठेवण्याची रीतही एकच. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या कामातच अशा सहकार्याचं खरं बळ आहे. नमुने कुठे बर्फात आणि कुठे टेबलावर राहिले, तर तुलना कशाची करणार?

रुग्णांच्या हाती शरीराची रेखाकृती दिली गेली: दुखतं तिथे खूण करा. बहुतेकांच्या खुणा ओटीपोटाबाहेरही उमटल्या. पाठ, मान, सांधे. दुखणं जितकं पसरलेलं, तितका एकूण त्रास जास्त, हे त्यातून पुढे आलं. मेंदूच्या एमआरआयमध्येही निरोगी माणसांपेक्षा फरक दिसले. एकट्या मूत्राशयाकडे पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.