तंबू विकणाऱ्यांनीच गुंडाळला गाशा

मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गेलात तर खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने दिसतात. लहान, अरुंद, छतापर्यंत माल रचलेली. बॅट मागितली की दुकानदार आधी विचारतो, 'टेनिस बॉलसाठी हवी की सीझन बॉलसाठी?' मग पोराची उंची बघतो आणि दोन-तीन बॅटी काढून समोर ठेवतो. खेळाचं दुकान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हे चित्र येतं.

अमेरिकेत याच दुकानाचा अर्थ जरा वेगळा आहे. तिथे 'स्पोर्टिंग गुड्स' म्हणजे नुसते चेंडू आणि रॅकेटी नव्हेत. शिकारीच्या बंदुका, मासे पकडायचे गळ, तंबू, सॅक, स्लीपिंग बॅग, बर्फावरून घसरायच्या पट्ट्या, होड्या, सगळं त्यात आलं. दुकानही केवढं, तर एखाद्या मोठ्या गोदामाएवढं. ही दुकानं तिथे गावोगावी होती. गेल्या काही वर्षांत त्यांतली कितीतरी बंद पडली. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात दुकानदारीचा जो धडा आहे, तो फक्त अमेरिकेपुरता नाही.

पहिल्यांदा एक सोपा तर्क बाजूला करू. लोकांनी रानावनात जाणंच सोडलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं नाही. अमेरिकन सरकारच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली घराबाहेरच्या करमणुकीची उलाढाल एक लाख कोटी डॉलरच्या वर होती, आणि त्या देशाच्या एकूण उत्पन्नात तिचा वाटा दोन टक्क्यांहून जास्त होता. गिऱ्हाईक आहे, त्याच्या खिशात पैसाही आहे. तरी दुकान बंद पडतं, हे खरं कोडं आहे.

दुसरा तर्क इंटरनेटचा. तो बराचसा खरा आहे, पण पुरता नाही. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानाची गोष्ट पाहा. १८९२ साली डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांनी ते सुरू केलं. एझ्रा फिच हे वकील त्यांचे गिऱ्हाईक, ते पुढे भागीदार झाले. १९१७ साली हे दुकान मॅडिसन अव्हेन्यूवरच्या बारा मजली इमारतीत गेलं. तळघरात बंदूक चालवून पाहायची सोय होती आणि गच्चीवर गळ टाकून पाहण्यासाठी पाण्याचं तळं. थिओडोर रूझवेल्ट यांच्या आफ्रिकेतल्या सफारीचं सामान याच पेढीने पुरवलं. अर्नेस्ट हेमिंग्वे इथलं गिऱ्हाईक. एवढं नामांकित दुकान १९७६ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि १९७७ मध्ये बंद झालं. तेव्हा घरोघरी संगणकही नव्हते! आज त्या नावाखाली तरुणांचे कपडे विकले जातात. म्हणजे या धंद्याचं दुखणं जुनं आहे. माल महाग, तो ठेवायला जागा भरपूर लागते, आणि गिऱ्हाईक वर्षातून एक-दोनदाच येतं.

तरीही पुढच्या पन्नास वर्षांत हा धंदा प्रचंड वाढला. तो कसा वाढला, याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅबेलाज. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यावरचं शेतीचं राज्य. तिथल्या चॅपेल या खेड्यात डिक कॅबेला यांच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं. १९६१ साली डिक फर्निचरच्या प्रदर्शनासाठी शिकागोला गेले आणि येताना ४५ डॉलरची आमिषं घेऊन आले. ही आमिषं म्हणजे गळाला लावायच्या, पिसांनी बनवलेल्या खोट्या माश्या. त्यांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली: एका डॉलरला बारा माश्या. प्रतिसाद आला फक्त एक. मग त्यांनी देशभर जाणाऱ्या मासिकात मजकूर बदलून जाहिरात दिली: पाच माश्या फुकट, टपालखर्चाचे २५ सेंट तेवढे पाठवा. आणि मागण्यांचा पाऊस पडला. डिक आणि त्यांची पत्नी मेरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाकिटं भरत. प्रत्येक पाकिटात सोबत आणखी मालाची यादी घालत. ती यादी वाढत वाढत जाडजूड कॅटलॉग झाली आणि कंपनी जवळच्या सिडनी या गावात स्थिरावली.

पुढे कॅबेलाजने दुकानं काढली, तीही साधी नव्हेत. आत कृत्रिम डोंगर, त्यावर पेंढा भरलेले प्राणी, भिंतीएवढे मत्स्यालय. लोक सहलीला यावेत तसे तिथे येत. गावंही अशा दुकानासाठी करसवलती देत, रस्ते बांधून देत. दुकान आलं की पर्यटक येतील, हॉटेलं चालतील, असा हिशेब. पण यात एक मेख होती. असं दुकान देशात एकच असेल तोवर लोक शेकडो मैल गाडी हाकत येतात. तीसेक झाली की नवल संपतं. प्रत्येक नवं दुकान जुन्या दुकानाची जत्रा थोडी कमी करतं.

मग इंटरनेट आलं. दुकानात जायचं, बूट घालून पाहायचे, सेल्समनला तासभर प्रश्न विचारायचे, आणि घरी येऊन तोच बूट संगणकावर स्वस्तात मागवायचा, अशी पद्धत पडली. सल्ल्याचा खर्च दुकानाचा, विक्री दुसऱ्याची. त्यात कायद्याचीही भर पडली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान किंवा गोदाम नाही, त्या राज्याला त्याच्याकडून विक्रीकर वसूल करवून घेता येणार नाही. तो निकाल टपालाने माल पाठवणाऱ्यांच्या प्रकरणात लागला होता. पण पुढे त्याचा फायदा इंटरनेटवरच्या विक्रेत्यांना मिळाला. दुकानात बिलावर कर लागायचा, संगणकावर अनेकदा लागत नसे. दोनशे डॉलरच्या तंबूत हा फरक डोळ्यांत भरतो. हा निकाल २०१८ मध्ये फिरवला गेला, पण तोवर मोठमोठी दुकानं गेली होती.

तिसरी गोष्ट, माल बनवणारेच दुकानदार झाले. बूट, जाकिटं, सॅक बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची दुकानं आणि स्वतःच्या वेबसाइट उघडल्या. मोठ्या दुकानाकडे स्वतःचं असं थोडंच होतं. तेच बूट, तेच तंबू चार ठिकाणी मिळतात म्हटल्यावर गिऱ्हाईक फक्त भाव बघतं.

पण माझ्या मते खरा घाव घातला तो कर्जाने. हे जरा सावकाश समजून घेऊ. समजा, तुम्ही एखाद्याचं चालतं दुकान विकत घेतलंत. पैसे बँकेकडून काढलेत. आणि ते कर्ज तुमच्या नावावर न ठेवता त्या दुकानाच्याच डोक्यावर बसवलंत. आता दुकानाने रोजचा खर्च भागवायचा आणि वर स्वतःच्याच खरेदीचं व्याज फेडायचं! मोठ्या कंपन्यांच्या जगात ही रीत सर्रास चालते. स्पोर्ट्स ऑथॉरिटी ही फ्लोरिडात १९८७ साली निघालेली साखळी. २००६ मध्ये ती एका गुंतवणूक संस्थेने सुमारे १३० कोटी डॉलरला अशाच रीतीने घेतली. दहा वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा डोक्यावर सुमारे ११० कोटी डॉलरचं कर्ज होतं.

व्याजाचा बोजा असा असला की दुकानाचं काय होतं? रंगरंगोटी लांबणीवर पडते. जुने, जाणते नोकर महाग म्हणून जातात आणि त्यांच्या जागी येणाऱ्याला स्लीपिंग बॅग किती थंडीला पुरते हे सांगता येत नाही. या धंद्यात माल हंगामी असतो. बर्फ कमी पडलं की स्कीचा माल तसाच पडून राहतो आणि व्याज मात्र थांबत नाही. पुरवठादारांना वास लागतो, ते उधारी आखडती घेतात. स्पोर्ट्स ऑथॉरिटीच्या दुकानांत बराच माल आपल्याकडे व्यापारी ज्याला जांगड म्हणतात तशा बोलीवर होता, म्हणजे विकला गेला तरच पैसे, नाहीतर माल परत. दिवाळं निघाल्यावर हा माल कुणाचा, यावरून कंपनी आणि दीडशेहून अधिक पुरवठादार कोर्टात उभे राहिले. शेवटी साडेचारशेहून जास्त दुकानं त्याच वर्षी बंद झाली. डेन्व्हरच्या फुटबॉल स्टेडियमला या कंपनीचं नाव दिलेलं होतं. कंपनी संपली तरी पाटी तशीच होती, ती २०१८ मध्ये उतरली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातली १९५९ पासूनची स्पोर्ट शॅले ही साखळी बंद झाली. २०१७ च्या मार्चमध्ये शिकार आणि मासेमारीचं सामान विकणाऱ्या गँडर माउंटनने दिवाळखोरी जाहीर केली. तिची दीडशेच्या वर दुकानं होती, त्यांतली बहुतेक मिटली. एकाचं दिवाळं दुसऱ्यालाही भोवतं, कारण बंद होणारं दुकान सगळा माल पडेल त्या भावाने काढतं आणि शेजारच्या चालत्या दुकानातला माल तसाच राहतो.

आता सिडनी गावाकडे पुन्हा येऊ. कॅबेलाज तोट्यात नव्हती. पण २००४ पासून तिचे शेअर बाजारात होते. २०१५ मध्ये एका मोठ्या गुंतवणूकदार फंडाने तिचे ११ टक्के शेअर घेतले आणि कंपनी विकण्यासह सगळ्या पर्यायांचा विचार करा, असा आग्रह धरला. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बास प्रो शॉप्स या प्रतिस्पर्धी कंपनीने कॅबेलाज विकत घेतली. व्यवहार सुमारे ५०० कोटी डॉलरचा. शेअरवाल्यांना भाव चांगला मिळाला. कॅबेलाजच्या नावाची दुकानंही राहिली. पण एका कंपनीला दोन मुख्य कचेऱ्या कशाला हव्यात? बास प्रोची कचेरी मिसुरी राज्यात होती. सिडनीची लोकवस्ती जेमतेम सात हजार, आणि तिथे कॅबेलाजच्या नोकऱ्या सुमारे दोन हजार. त्यांतल्या बहुतेक गेल्या. घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. काही जुने कर्मचारी मात्र गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी तिथेच त्याच क्षेत्रातले छोटे धंदे सुरू केले.

मग टिकलं कोण? बास प्रो टिकली. ती १९७२ साली जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात सुरू केली होती आणि आजही शेअर बाजारात नाही. डिक्स टिकली. मासेमारीच्या आमिषांचं हे दुकान १९४८ साली निघालं, पुढे त्याची देशव्यापी साखळी झाली. तिने नव्या दुकानांत चढाईच्या भिंती उभारल्या, म्हणजे जे संगणकावर मिळत नाही ते दिलं. फ्रान्समध्ये १९७६ साली निघालेली डेकॅथलॉन टिकली, कारण तिथला बराचसा माल तिच्याच नावाचा असतो, दुसरीकडे भाव विचारायची सोयच नाही. २००९ पासून ती भारतात आहे आणि सह्याद्रीत ट्रेकला निघणारी मुंबई-पुण्याची मुलं आता तिथूनच सॅक घेतात.

तुम्ही विचाराल, सहकाराने हा प्रश्न सुटला नसता का? महाराष्ट्रात हा प्रश्न मनात येणारच. सिएटलमध्ये १९३८ साली गिर्यारोहकांनी आरईआय ही सहकारी संस्था काढली, ती चांगली बर्फकुऱ्हाड वाजवी भावात मिळत नव्हती म्हणून. ती आजही आहे, पण २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत तोट्यात होती. कॅनडात १९७१ साली निघालेली एमईसी ही अशीच संस्था, लाखो सभासदांची. २०२० मध्ये ती कर्जात अडकली आणि सभासदांना न विचारता एका खासगी गुंतवणूक संस्थेला विकली गेली. तेव्हा सहकार हेही जादूचं औषध नाही. सभासद फक्त सवलतीपुरता सभासद उरला की सहकारी दुकानही बाकीच्या दुकानांसारखंच होतं.

विश्वासाचंही असंच आहे. मेन राज्यातल्या एल. एल. बीनने १९१२ मध्ये शिकारीचे बूट विकले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद उसवून परत आल्या. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि त्यातूनच त्याचं नाव झालं. माल कधीही परत घेण्याचं हे वचन कंपनीने शंभर वर्षं पाळलं. पण लोक जुन्या बाजारात मिळालेले, झिजलेले कपडेही परत आणू लागले. २०१८ मध्ये मुदत एक वर्षावर आली. दुकानदाराने गिऱ्हाइकाला फसवल्याच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, ही उलटी गोष्टही लक्षात ठेवावी.

डोंगरात जाणाऱ्याला सामान कसलं हवं, हे चुकलं तर नुसते पैसे वाया जात नाहीत. पावसात रात्र काढायची वेळ आली की तंबूची शिवण आणि बुटाचा तळवा यांवर जीव अवलंबून असतो. काउंटरमागचा माणूस 'हे तुमच्या कामाचं नाही, घेऊ नका' असं म्हणायचा, तेव्हा तो दुकानाचं नुकसान करून गिऱ्हाइकाचं भलं करत असे. त्या सल्ल्याची वेगळी किंमत बिलावर कधी लावली नव्हती. म्हणून तो फुकट आहे असं मालकांना वाटलं आणि गिऱ्हाइकांनाही. आपल्या गावातल्या जाणत्या दुकानदाराला तासभर प्रश्न विचारून झाल्यावर खरेदी कुठे करायची, हे ठरवताना एवढं आठवलं तरी पुरे.