बाळासाठी सुरक्षित गाडी: आधी बाळाची सीट ठरवा, मग गाडी

बाळ येणार असं कळलं की अनेक घरांत गाडी घेण्याचा विषय निघतो. लसीकरणाला दुचाकीवरून कसं न्यायचं, माहेरहून परत येताना एसटीची गर्दी नको, ही कारणं रास्तच आहेत. मग रंग, मायलेज, सनरूफ, हप्ता यांवर चर्चा होते. बाळ गाडीत नेमकं कुठे आणि कसं बसणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘आईच्या किंवा आजीच्या मांडीवर’ असं असतं. हे उत्तर का बदलायला हवं आणि गाडी घेताना काय तपासायचं, ते या लेखात पाहू.

मांडीवर घेतलेलं बाळ सुरक्षित का नसतं?

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना कशावर तरी आदळली, तर ती क्षणार्धात थांबते. आतली माणसं मात्र त्याच वेगाने पुढे फेकली जातात. त्या क्षणी शरीरावर येणारा जोर वजनाच्या सुमारे २० ते ३० पट असू शकतो. म्हणजे ४ किलोचं बाळ धरून ठेवायला ८० ते १२० किलो पेलण्याची ताकद लागेल, तीही काही कळायच्या आत. कितीही घट्ट धरलं तरी कोणत्याही आईला ते शक्य नाही.

काही जण बाळाला मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच बेल्ट लावतात. हे अधिकच धोक्याचं आहे, कारण मोठ्या माणसाचं वजन बाळावर येऊन ते मध्ये चिरडलं जातं. गाडीत बांधलेली झोळी किंवा सीटवर ठेवलेली गादीही धडकेत काही उपयोगाची नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानुसार, योग्य बाल-सीटमुळे कारमधल्या एक वर्षाखालच्या बाळांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाल-सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

बाळाचं तोंड मागे का?

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भागाएवढं असतं. मानेचे स्नायू अशक्त असतात आणि मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचं धड धडकेत पट्ट्यांमुळे जागेवर राहतं, पण जड डोकं जोरात पुढे जातं आणि सगळा ताण मानेतल्या मज्जारज्जूवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर टेकतात आणि जोर विभागला जातो.

म्हणून सीटवर दिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत बाळाला मागे तोंड करूनच बसवा. बाळ वर्षाचं झालं म्हणून लगेच सीट फिरवू नका. पाय दुमडलेले दिसले तरी बाळाला त्याचा त्रास होत नाही.

एअरबॅगसमोर कधीही नाही

समोरची एअरबॅग सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात प्रचंड जोराने उघडते. मागे तोंड केलेल्या सीटची पाठ नेमकी तिच्यासमोर येते आणि तो तडाखा थेट बाळाच्या डोक्याला बसतो. त्यामुळे बाळाची जागा मागच्या सीटवरच. मध्ये सीट नीट बसत असेल तर मधली जागा उत्तम. नसेल तर डावी बाजू घ्या, म्हणजे बाळाला रस्त्याच्या कडेने चढवता-उतरवता येतं.

गाडी घेताना काय तपासाल?

*स्टार रेटिंग:* भारत एनकॅप ही आपली क्रॅश चाचणी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेसाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळे स्टार दिले जातात. जाहिरातीतले ‘५ स्टार’ कशाचे आहेत ते विचारा. मोठ्यांसाठी कमाल गुण ३२, तर मुलांसाठी ४९ असतात. मुलांच्या गुणांत बाल-सीट किती नीट बसवता येते हेही पाहिलेलं असतं. ही योजना ऐच्छिक असल्याने प्रत्येक मॉडेलची चाचणी झालेली असेलच असं नाही.

*आयसोफिक्स:* मागच्या सीटच्या फटीत बसवलेले हे धातूचे हूक असतात. बाल-सीट त्यांत खटकन अडकते, त्यामुळे चुकीची बसण्याची शक्यता कमी होते. हूक हाताला सहज लागतात का, ते पाहा.

*बेल्ट:* मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे बेल्ट हवेत, फक्त कमरेचे नकोत.

*इतर गोष्टी:* एबीएस, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, बाजूच्या आणि पडदा एअरबॅग, मागच्या दारांना चाइल्ड लॉक. बजेट आखडतं असेल तर सनरूफ आणि अलॉय व्हील सोडा, या गोष्टी सोडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाल-सीट आधी घ्या आणि ती घेऊन शोरूममध्ये जा. मागे तोंड केलेली सीट बरीच जागा घेते. ती लावल्यावर पुढची सीट इतकी सरकते का, की चालवणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात? बाजूला आई बसू शकते का? सिझेरियन झालेल्या बाईला वाकून बाळ ठेवता येईल इतकं दार उघडतं का? हे तिथेच करून पाहा.

जुनी गाडी घेत असाल तर तिला अपघात झाला होता का, एअरबॅग बदलल्या होत्या का आणि एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का, हे विश्वासू मेकॅनिककडून पाहून घ्या. बाल-सीट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. अपघात झालेली सीट वरून चांगली दिसली तरी आतून तडकलेली असू शकते.

बाळाला बसवताना

- सीट बसवल्यावर तळाशी धरून हलवा. २-३ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.
- पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत. खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे.
- बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे लावू नका. साध्या कपड्यांत बसवा, पट्टे लावा आणि मग वरून पांघरूण घाला.
- सीट साधारण ४५ अंशांत मागे कललेली हवी. जास्त ताठ असेल तर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येतो.
- डॅशबोर्डवरची धातूची मूर्ती चिकटवलेली असू द्या. मागच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या, छत्री ठेवू नका. धडकेत या वस्तू दगडासारख्या येतात.

प्रवास किती वेळ?

पहिल्या काही आठवड्यांत प्रवास शक्यतो अर्ध्या तासाच्या आत ठेवा आणि मागे बाळाजवळ कुणीतरी बसा. त्यानंतरही दर दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढा. दूध पाजायचं असेल तर गाडी थांबवूनच पाजा. घरी पोहोचल्यावर बाळ झोपलं असलं तरी त्याला सीटमध्येच झोपू देऊ नका, सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा वजन कमी असेल, तर डिस्चार्जपूर्वी बालरोगतज्ज्ञांना सीटबद्दल जरूर विचारा.

‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला बंद गाडीत सोडू नका. उन्हात उभ्या गाडीचं तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकतं, आणि बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी?

प्रवासात बाळाचे ओठ निळसर दिसले, श्वास घुरघुरू लागला किंवा बाळ लुळं पडलं, तर लगेच सीटमधून काढून सपाट ठेवा आणि जवळचं रुग्णालय गाठा. अपघात झाला असेल तर वरून खरचटलेलंही नसलं तरी बाळाला तपासून घ्या. वारंवार उलटी, दूध न ओढणं, जास्त सुस्ती, वेगळ्याच सुरातलं रडणं, फुगलेली टाळू किंवा झटके ही डोक्याच्या आत मार लागल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी वाट पाहू नका.

आजी म्हणतील, ‘आमची मुलं मांडीवरच वाढली.’ त्यांच्याशी वाद घालू नका. प्रसूतीच्या तारखेआधीच सीट गाडीत बसवून ठेवा आणि बाळाला आत ठेवून पट्टे लावायला त्यांनाही शिकवा. रुग्णालयातून घरी येण्याच्या पहिल्याच प्रवासापासून बाळ सीटमध्ये बसलं, तर त्याला तीच सवय लागते आणि घरातल्यांनाही.