मुदत संपल्यानंतरची फाईल

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा पासपोर्टवर चिकटून येतो, तेव्हा त्यावरची शेवटची तारीख अनेकदा वर्षानुवर्षं पुढची असते; कधीकधी थेट दहा वर्षांची. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण ती तारीख देशात शिरण्यापुरती असते. शिरल्यावर किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने वेगळी तारीख दिली नसेल तर मुदत सहा महिन्यांची. हल्ली प्रवासी यंत्रावर पासपोर्ट टेकवून बाहेर पडतात, शिक्का बसतोच असं नाही. शिक्का नसला तरी सहा महिन्यांची मोजणी आल्या दिवसापासून सुरू झालेली असते.

उदाहरणादाखल एक जोडपं घेऊ. नावं नकोत, कारण ही गोष्ट थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडू शकते. ती साताऱ्याची. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ब्रॅम्प्टनला आली. सहा महिने होत आले तेव्हा ताई म्हणाली, "बाळ जरा धरायला लागू दे, मग जा. व्हिसा आहे की अजून." व्हिसा होता, राहण्याची मुदत मात्र सरली. मधल्या काळात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तिची एकाशी ओळख झाली. तो पुण्याचा, कॅनडाचा कायमचा रहिवासी, म्हणजे तिकडच्या बोलीत 'पीआर' असलेला. वर्षभराने दोघांनी लग्न केलं. ऑन्टारियोत लग्नाचा परवाना महापालिकेच्या कार्यालयात मिळतो आणि तो ९० दिवस चालतो. तिथे ओळखपत्र लागतं, व्हिसाची मुदत उरलेली असणं ही परवान्याची अट नाही. नोंदणीकृत पुरोहितासमोर सप्तपदी झाली, कायद्याने ते नवरा-बायको झाले. तिचं 'स्टेटस' मात्र गेलेलंच राहिलं.

मुदत संपण्याआधी तिने वाढीव मुक्कामाचा अर्ज केला असता, तर निर्णय येईपर्यंत तिचा मुक्काम कायदेशीर धरला गेला असता. मुदत संपल्यावरही ९० दिवसांच्या आत स्टेटस परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. हे दोन्ही दरवाजे बहुतेकांच्या लक्षात येतात ते बंद झाल्यावर. मग भीती सुरू होते. पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलायचा. ताप आला तरी दवाखाना टाळायचा, कारण प्रांताचा आरोग्य विमा नाही. घराच्या भाडेकरारावर नाव घालू द्यायचं नाही. नवऱ्याने तिला स्पॉन्सर करायचं, म्हणजे हमी देऊन तिच्यासाठी पीआरचा अर्ज करायचं म्हटलं, तर घरातलंच कुणीतरी सांगतं, "अर्ज केलास की त्यांना पत्ता कळेल, आणि दारात येऊन उभे राहतील."

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि तो नुकसान करतो.

कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा जून २००२ मध्ये अमलात आला. त्याच्या नियमांत देशात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांसाठी वेगळा वर्ग आहे. बोलण्यात त्याला 'इनलँड' म्हणतात. या वर्गाची एक अट अशी की, अर्जदाराकडे तात्पुरत्या रहिवाशाचं वैध स्टेटस हवं. या अटीमुळे मुदत संपलेली बायको किंवा नवरा बाहेर पडत, आणि मग मानवतेच्या कारणावरून स्वतंत्र विनंती करण्यावाचून मार्ग उरत नसे. १८ फेब्रुवारी २००५ रोजी तत्कालीन मंत्री जो व्होल्पे यांच्या काळात सरकारने एक सार्वजनिक धोरण जाहीर केलं. खरं लग्न असलेल्या जोडप्याला केवळ स्टेटस नाही म्हणून वेगळं करायचं नाही, हा त्याचा गाभा. मुदतीपलीकडे राहणं, परवानगीशिवाय काम किंवा शिक्षण करणं, योग्य व्हिसाविना प्रवेश करणं या गोष्टी 'स्टेटस नसणं' या सदरात धरून माफ करता येतात.

माफीला सीमा आहेत. गुन्हेगारी किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल, पूर्वी हद्दपार होऊन परवानगीविना परत आलेली व्यक्ती असेल, तर हे धोरण उपयोगी पडत नाही. आणि अर्जात खोटं सांगितलं तर वेगळंच कलम लागतं. चुकीची माहिती देण्याबद्दलची बंदी पूर्वी दोन वर्षांची होती, नोव्हेंबर २०१४ पासून ती पाच वर्षांची झाली. म्हणजे तिने शेजारच्या घरात मुलं सांभाळून रोख पैसे घेतले असतील, तर ते काम माफ होण्यासारखं आहे. ते लपवणं मात्र माफ होण्यासारखं नाही. साऱ्या प्रक्रियेचा कणा इथे आहे, आणि सल्लागाराच्या टेबलाशी बसलेल्या जोडप्याला नेमकं हेच पटवून देणं सर्वांत अवघड जातं.

त्या टेबलावरचं काम चिकट असतं. आयएमएम १३४४ हा नवऱ्याचा फॉर्म, त्यात तो हमी लिहून देतो. आयएमएम ०००८ हा तिचा मुख्य अर्ज. आयएमएम ५६६९ मध्ये मागच्या दहा वर्षांचा हिशेब, महिन्यागणिक आणि खंड न ठेवता. कुठे राहिलात, काय केलंत? नोकरी नव्हती तर 'घरी होते' असं लिहा, पण जागा रिकामी सोडू नका. इथे पेन थांबतं. मुदत संपल्यानंतरच्या महिन्यांत काय लिहायचं? जे घडलं ते. चांगला सल्लागार इथे घाई करत नाही. तो दोघांना कॅलेंडर समोर घेऊन बसवतो आणि तारखा एकमेकींना जुळतात का ते तपासतो, कारण एका फॉर्मातला मार्च दुसऱ्या फॉर्मात मे झाला की अधिकाऱ्याच्या मनात शंका शिरते.

मराठी जोडप्यांची आणखी एक गाठ नावापाशी पडते. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. लग्नानंतर हौसेने बँकेत किंवा इतरत्र नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावलेलं. भारतातल्या शाळेच्या दाखल्यावर तिसराच क्रम. एकाच बाईची तीन नावं कागदावर उभी राहतात. फॉर्ममध्ये वापरलेली सगळी नावं विचारलेली असतात, ती सगळी लिहायची. मराठीतला कोणताही कागद जोडायचा तर त्याचं प्रमाणित भाषांतर हवं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. भावोजींचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी.

मग येतो आयएमएम ५५३२, नात्याची कहाणी विचारणारा फॉर्म. कधी भेटलात, कुठे, कुणी ओळख करून दिली? घरच्यांना केव्हा सांगितलं? लग्नाला कोण होतं? मुदत संपल्यावर झालेलं लग्न अधिकारी बारकाईने पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे. नियम सांगतो की लग्न खरं हवं आणि इमिग्रेशनचा लाभ हा त्याचा मुख्य हेतू नको. साताऱ्याचे आई-वडील लग्नाला येऊ शकले नाहीत, हॉलऐवजी ताईच्या घरी तीस माणसांत कार्य उरकलं. दोन ओळींत हे लिहिलं तर लपूनछपून केलेल्या लग्नासारखं दिसतं. आई-वडिलांना व्हिसा मिळाला नाही, त्यांनी व्हिडिओ कॉलवरून अक्षता टाकल्या, नंतर सासूने साडी पाठवली, असं नीट लिहिलं की चित्र पालटतं. एक गोष्ट मात्र काटेकोर आहे. वधू आणि वर दोघंही विवाहस्थळी प्रत्यक्ष हजर हवेत. फोनवरून, व्हिडिओवरून किंवा प्रतिनिधी उभा करून लागलेलं लग्न स्पॉन्सरशिपसाठी जून २०१५ पासून ग्राह्य धरलं जात नाही.

पुराव्यांच्या यादीत फोटो जास्तीत जास्त वीस, आणि संदेशांच्या छापील प्रती दहा पानांपर्यंत. लग्नाचा अल्बम चारशे फोटोंचा असला तरी त्यातून वीस निवडायचे. सजलेल्या स्टेजवरचे पंधरा फोटो देण्यापेक्षा ताईच्या स्वयंपाकघरातला एक, दिवाळीचा एक, बर्फातला एक, सासरच्यांशी व्हिडिओ कॉल चालू असतानाचा एक, असे वेगवेगळ्या महिन्यांतले आणि वेगवेगळ्या माणसांसोबतचे फोटो अधिक बोलतात. एकत्र राहण्याचा पुरावा याहून महत्त्वाचा, कारण एकाच छताखाली राहणं ही या वर्गाची अट आहे. दोघांच्या नावाचा भाडेकरार, हायड्रोचं म्हणजे विजेचं बिल, संयुक्त खातं, विम्यावर वारस म्हणून जोडीदाराचं नाव.

भीतीची किंमत इथे मोजावी लागते. वर्षभर तिने कुठेच नाव लागू दिलं नाही. भाडेकरार त्याचा, बिलं त्याची, फोनही त्याच्याच नावावर. ती त्या घरात रोज स्वयंपाक करत होती, पण कागदांच्या दृष्टीने तिथे एकच माणूस राहत होता. आता घरमालकाचं पत्र मिळवायचं, शेजाऱ्यांची निवेदनं घ्यायची, तिच्या नावाने आलेली पाकिटं शोधायची. लपून राहिल्याने संरक्षण मिळालं असं तिला वाटत होतं, आणि त्याच काळात तिच्या बाजूने बोलणारे कागद तयारच झाले नव्हते.

नवऱ्याकडूनही बरंच काही मागितलं जातं. तो १८ वर्षांहून मोठा हवा, पीआर असेल तर कॅनडातच राहणारा हवा, अपंगत्वाचं कारण सोडून सरकारी मदतीवर जगणारा नको. तो स्वतः जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर आला असेल, तर त्याला पीआर मिळून पाच वर्षं झालेली हवीत. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण हमी तीन वर्षांची असते. तेवढ्या काळात बायकोने सरकारी मदत घेतली तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होते, मध्ये घटस्फोट झाला तरीही. सरकारी शुल्क एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे १,२०५ डॉलर, बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे. भारतातला पोलिस दाखला आणि नेमलेल्या डॉक्टरकडची तपासणी यांचा खर्च त्यावर.

सल्लागाराचं शुल्क कुणाला द्यायचं हेही कायद्याने ठरलेलं आहे. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना, क्वेबेकमधल्या नोटरींना, ऑन्टारियोच्या परवानाधारक पॅरालीगलना आणि नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागारांनाच आहे. या सल्लागारांची नियामक संस्था नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने सुरू झाली आणि तिची यादी कुणालाही पाहता येते. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत बसून "मुदत संपल्याचं लिहूच नका" असं सांगणारा एजंट त्या यादीत सापडणार नाही. त्याचा सल्ला पाच वर्षांची बंदी ओढवून आणू शकतो.

सप्टेंबर २०२२ पासून हे अर्ज ऑनलाइन भरले जातात. अर्ज पोचल्याची पावती आली म्हणजे तिला राहण्याचा हक्क मिळाला असं होत नाही. हद्दपारीची कारवाई शेवटच्या टप्प्यावर येण्याआधी अर्ज दाखल झालेला असेल, तर सीमा सेवा साधारणपणे ६० दिवसांची स्थगिती देते. वॉरंट निघालेलं असेल किंवा गुन्हा असेल तर तीही नाही. म्हणून उशीर महाग पडतो. स्टेटस असलेल्या जोडीदारांना वर्क परमिट लवकर मिळू शकतं, स्टेटस गेलेल्यांना साधारणपणे अर्ज तत्त्वतः मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने बहुतेक वैवाहिक अर्ज बारा महिन्यांत निकाली काढण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. प्रत्यक्ष काळ त्यापेक्षा लांबू शकतो.

या काळात देश सोडता येत नाही. कुणी अडवत नाही, पण परत शिरण्याची खात्री नसते, आणि एकत्र राहण्याची अटही मोडते. साताऱ्यात वडील आजारी पडले तर तिला ब्रॅम्प्टनमधूनच फोनवर विचारपूस करावी लागते. स्पॉन्सरशिपच्या वाटेवरचं सर्वांत कठीण दुःख बहुधा हेच आहे, आणि ते मांडायला कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नाही.

शंका असेल तर दोघांना मुलाखतीला बोलावतात आणि वेगवेगळं बसवून रोजचे प्रश्न विचारतात. काल रात्री काय जेवलात, सकाळी आधी कोण उठतं? खरं जगणाऱ्या जोडप्याची उत्तरंही कधीकधी चुकतात, म्हणून कागद भक्कम असावे लागतात. नकार आला तर इनलँड अर्जदाराला इमिग्रेशन अपील विभागाकडे जाता येत नाही. तो हक्क देशाबाहेरून चालणाऱ्या 'आउटलँड' अर्जाच्या स्पॉन्सरला आहे. इनलँडसाठी फेडरल कोर्टाची परवानगी मागायची, आणि तीही १५ दिवसांत.

अधिकाऱ्याच्या निर्णयावर कोर्टाचा अंकुश किती, हे एका स्त्रीच्या लढ्याने ठळक झालं. मेविस बेकर १९८१ मध्ये जमैकाहून व्हिजिटर म्हणून आल्या, मुदतीनंतर राहिल्या आणि लोकांच्या घरी राहून घरकाम करत जगल्या. त्यांची चार मुलं कॅनडात जन्मली. १९९२ मध्ये हद्दपारीचा आदेश निघाला. मानवतेच्या कारणावरून केलेली त्यांची विनंती फेटाळताना अधिकाऱ्याने त्यांच्या मुलांविषयी आणि मानसिक आजाराविषयी पूर्वग्रहदूषित टिपणं लिहिली होती. जुलै १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती क्लेअर लोरू-दुबे यांच्या निकालपत्राने सांगितलं की अशा निर्णयांत न्याय्य प्रक्रिया पाळावी लागेल आणि मुलांच्या हिताला खरं वजन द्यावं लागेल. कागदाची मुदत संपलेल्या माणसालाही ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, हे तिथे ठामपणे नोंदलं गेलं. २००५ चं धोरणही कायद्यातल्या त्याच मानवतेच्या अधिकारावर उभं आहे.

टोरांटो परिसरातल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम भरगच्च असतात: गणपती, दिवाळी, नाटकं. त्यांच्या पत्रिकेतलं एखादं पान या माहितीसाठी राखून ठेवायला हवं. आल्या दिवसापासून सहा महिने. मुदत संपल्यावर ९० दिवस. २००५ चं धोरण. नकारानंतर १५ दिवस. सोबत परवानाधारक सल्लागारांची यादी कुठे पाहायची, आणि ज्यांच्याकडे आरोग्य विमा नाही त्यांनाही तपासणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं कुठे आहेत, हेही. ताईच्या घरी वर्षभर जिवाच्या धास्तीने राहणाऱ्या मुलीपर्यंत हे पान पोचलं, तर तिचं नाव पुढच्याच महिन्यात भाडेकरारावर लागेल आणि फाईल वेळेत उघडेल.